दोनशे बारा नंबरची बाई

हेडफोनमध्ये म्हातारी बोलता बोलता मध्येच ‘साबण’ म्हणाली आणि उल्काचं बोट ‘एन’च्या बटणावर पोचता पोचता थांबलं. अगदी साबण नव्हे. सप्‌-बुन असं काहीसं, पहिल्या तुकड्यावर ओठ घट्ट मिटलेले आणि दुसरा तुकडा नाकात सोडून दिलेला. पण हे न्हाणीघरातल्या वडीचंच नाव आहे याबद्दल तिला तिळभर शंका वाटली नाही. तिने क्लिप मागे नेली. पुन्हा ऐकली. पुन्हा साबण. अकरा दिवस ती या खोलीत बसून जे ऐकत होती त्याला ती मनातल्या मनात नुसता आवाज समजत होती, पंख्याचा असतो तसा, खालच्या रस्त्यावरच्या बसचा असतो तसा; आणि आता त्या आवाजातून कुणीतरी मान वर काढून सरळ तिच्याकडे पाहत होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. अकरा दिवसांत आपण ‘एन’ किती वेळा दाबला, हा हिशेब तिला त्या क्षणी नको होता आणि तोच आधी आला.

सिंगापुरात वन-नॉर्थमधल्या सातव्या मजल्यावरची ती खोली खास ऐकण्यासाठी बांधलेली होती. भिंतींना करडं जाड कापड, दार लावलं की बाहेरचं जग बंद. काम एका दवाखान्याचं होतं. सत्तरीपुढच्या माणसांना एक चित्र दाखवायचं आणि मिनिटभर त्याबद्दल बोला म्हणायचं; ते बोलणं यंत्राने ऐकायचं आणि माणसाची स्मृती, समज ढासळते आहे का ते सांगायचं. यंत्राला शिकवण्यासाठी शेकडो क्लिपा होत्या. त्यांवर कुणीतरी आधीच लेबलं लावलेली होती आणि ती तपासायला उल्काला बसवलं होतं, कारण तिची पीएच.डी. उच्चारशास्त्रातली. रकाने चार: इंग्रजी, मँडरिन, मलाय, तमिळ. चारांत न बसणारं सगळं पाचव्यात, ‘एन’मध्ये. एन म्हणजे निरर्थक. त्या रकान्यात एकशे चाळीस माणसं होती, आणि यंत्र आज्ञाधारक असल्यामुळे ते एवढंच शिकलं होतं की ज्याचं बोलणं या रकान्यात पडतं त्याचं डोकं ठिकाणावर नाही. दोनशे बारा नंबरची बाई एक्क्याऐंशी वर्षांची, राहणार सेम्बावांग. शेरा: ‘सलग बडबड. चित्राशी संबंध नाही.’

शेरा वाचताना उल्काला दुसराच एक शेरा दिसत होता. निळ्या शाईतला, पुण्यातल्या एका इस्पितळातल्या जाड पुठ्ठ्याच्या फाइलवरचा. ‘असंबद्ध बोलते.’ त्या दिवशी ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, चोवीस वर्षांची, खांद्याला लॅपटॉपची बॅग, शेजारी संस्थेतला एक मित्र जो मदतीला म्हणून आला होता आणि ज्याच्याबद्दल तिला तेव्हा बरंच काही वाटत होतं. आईला दोन दिवसांपूर्वी चक्कर आली होती. तरुण डॉक्टर विचारत होता, आजी, आज वार कोणता, आपण कुठल्या गावात आहोत. आणि आई, जी धुळ्याजवळच्या खेड्यातून लग्न होऊन पुण्यात आली होती आणि जिने तीस वर्षं शेजारणींशी मोजूनमापून बोलून काढली होती, ती भीतीने आपल्या मुळाशी जाऊन बसली होती. “माले आठे काबर आनं? मन्हा घरले कुलूप कोनी लायं?” मला इथे का आणलं, माझ्या घराला कुलूप कुणी लावलं. यापेक्षा शुद्धीवरचा प्रश्न त्या वॉर्डात त्या दिवशी दुसरा कुणी विचारला नसेल. डॉक्टरने उल्काकडे पाहिलं. मित्रानेही पाहिलं. उल्का ओशाळं हसून म्हणाली, “ती जरा गावाकडचं बोलते.” बस्स, एवढंच. काय बोलते ते सांगितलं नाही. घराला आपणच कुलूप लावलंय, किल्ली या बॅगेत आहे, हेसुद्धा आईला सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर त्या मित्रासमोर अहिराणीत सांगावं लागलं असतं.

आई त्यातून बरी झाली, दोन वर्षं जगली. पण घरी आल्यावर ती उल्काशी एक वाक्य अहिराणीत बोलली नाही. ‘शे’ ओठांवर यायचा, ती थांबायची, गिळायची, आणि मग शाळेतल्या मुलीसारखं स्वच्छ म्हणायची, आहे. भात झाला आहे. औषध घेतलं आहे. ते ‘आहे’ उल्काला अजून ऐकू येतं. आईने रागावून बोललेलं काही आठवत नाही आणि हे आठवतं. आणि त्याच्याही मागे, चौथीतल्या पालकसभेच्या आदल्या दिवशी आपण पोळीचा तुकडा मोडत सहज म्हणालो होतो, आई, तू ये, पण बोलू नकोस हं. आई आली होती. बोलली नव्हती. बाई म्हणाल्या होत्या, तुझी आई किती शांत आहे गं.

साडेतीन वाजता गेओक आंटी टेबलं पुसायला आली. निळा गणवेश, बॉबकट केलेले पांढरे केस, हातात फवारा. सातव्या मजल्यावरची माणसं तिला बाजूने वाट देत, ‘थँक्यू आंटी’ म्हणत आणि तिच्याकडे न बघता स्क्रीनकडे बघत. उल्काही त्यांतलीच. आज मात्र, आंटी फोनवर असंच शेवट नाकात सोडून बोलते हे आठवून तिने तिला आत बोलावलं, दार लावलं आणि हेडफोनची वायर उपसून काढली. रेकॉर्डिंग बाहेरच्या माणसाला ऐकवायचं नाही, हे तिने सहीनिशी मान्य केलेलं होतं. वायर उपसताना ती सही तिच्या डोळ्यांसमोर होती. हे चुकून झालं असं पुढे कधी म्हणायला लागू नये म्हणून तिने मुद्दाम ती डोळ्यांसमोर ठेवली.

दोनशे बारा नंबरची बाई खोलीभर बोलायला लागली. गेओक आंटीने फवारा टेबलावर ठेवला. दहा सेकंद ती गंभीर होती. मग तिचे खांदे हलायला लागले.

“शिव्या घालतेय, लाह,” ती वाक्याला इथल्या लोकांचं ते शेपूट लावून म्हणाली.

“कुणाला?”

“चित्रातल्या बाईला. म्हणतेय, हे कसलं घर? साबण पाण्यात पडलाय, नळ उघडा, मांजर माशाजवळ जाऊन बसलंय, आणि ही बया खिडकीबाहेर बघतेय. माणसं पाच जेवायची आणि चॉपस्टिक्स चारच जोड्या मांडल्यात. पाचव्याने काय हाताने खायचं?”

उल्काने चित्र समोर ओढलं. रंगीत, गुळगुळीत, तिने शंभरदा पाहिलेलं. टेबलावर वाट्या पाच होत्या. चॉपस्टिक्सच्या जोड्या चार. तिला कधी दिसलं नव्हतं. तिला वाटलं, चित्रकारालाही दिसलं नसेल.

“ही बडबडते म्हणून कोण म्हणालं?” आंटीने विचारलं.

“मशीन.”

“मशीनला म्हणावं, कान धुऊन ये.” आंटी फवारा उचलून निघाली. दाराशी थांबली. “अजून आहेत अशी माणसं?”

“एकशे एकोणचाळीस.”

आंटीने मान हलवली, खूप दिवसांनी कुणीतरी आपल्या गावच्या माणसांची मोजदाद सांगितल्यासारखी. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधी आली.

मग सतरा दुपारी त्या दोघी त्या करड्या खोलीत बसल्या. आंटी सांगायची, उल्का लिहायची. म्हातारीची आणि आंटीची ती भाषा हॉक्किएन; ती म्हणजे काय, हे उल्काला पुस्तकातून ठाऊक होतं, एका परिच्छेदापुरतं; आता ती संध्याकाळी बुओना व्हिस्टाला गाडीत बसली की जुराँग ईस्टला गाडी बदलेपर्यंत वाचायची आणि तिथून बुकित बातोकच्या आपल्या फ्लॅटवर पोचेपर्यंत ते मनात घोळवायची. दोन हजार वर्षांपूर्वीपासून चीनच्या उत्तरेकडच्या नदीकाठची माणसं लाटालाटांनी दक्षिणेला निघाली होती, कुणी सैन्याबरोबर, कुणी सैन्यापासून पळून. डोंगर ओलांडून ती फूज्यानच्या किनाऱ्याला लागली. तिथल्या आधीच्या माणसांच्या तोंडचे काही शब्द त्यांच्या तोंडात आले, आणि पाठीमागे डोंगर उभे राहिले. उत्तरेत राजधान्या बदलल्या, उच्चार बदलले, जुने शब्द मोडीत निघाले. डोंगराअलीकडे ते तसेच राहिले. चॉपस्टिकला उत्तरेत पूर्वी जे म्हणत त्याचा उच्चार ‘थांब’ या शब्दाला जवळचा, म्हणून म्हणे नावाडी लोकांना तो अपशकुनी वाटला आणि त्यांनी ‘लवकर’ या अर्थाचा नवा शब्द केला. साऱ्या देशाने तो उचलला. दोनशे बारा नंबरची बाई अजून जुनाच शब्द वापरत होती. ‘ती’ हा तो जुना शब्द; ‘ती’ चार जोड्या, असं म्हातारी म्हणत होती. मँडरिन जाणणाऱ्या लेबलवाल्याला त्यात चॉपस्टिक सापडल्या नाहीत आणि त्याने बाईचं डोकं ठिकाणावर नाही असं लिहिलं. मग परीक्षांची पुस्तकं आली, दरबारचे उच्चार आले, आणि डोंगराअलीकडच्यांनी तेही ठेवून घेतले: एकाच अक्षराला वाचताना एक आवाज, घरात बोलताना दुसरा. मग गलबतं. दोन बंदरांच्या दोन तऱ्हा तिसऱ्या बंदरात मिसळल्या. डच व्यापाऱ्यांनी तिथून चहा नेला तो ‘ते’ म्हणून, आणि तोच पुढे इंग्रजांच्या कपात पोचला. आपला चहा दुसऱ्या वाटेने आला म्हणून तो चहा. तैवान, मनिला, मलाक्का, सिंगापूर. इथे मलायांचा सबुन भेटला, पाव भेटला तो ‘लोती’ झाला. ‘लोती’ ऐकल्यावर उल्का गाडीत एकटीच हसली होती. आपली रोटी. इतकी हिंडून आलेली की तिचा र झिजून ल झालेला.

आणि तिला आणखी एक कळलं, जे पुस्तकात होतं पण कानाने कळायला हवं होतं. या भाषेत प, फ आणि ब तिन्ही वेगळे होते, त, थ तसेच. मँडरिनमध्ये असा ब नाही. इंग्रजीवर वाढलेला कान प आणि फ एकाच खिशात टाकतो. यंत्र त्याच दोन कानांनी ऐकायला शिकलेलं होतं. उल्काला मात्र हे तिन्ही स्वच्छ ऐकू येत होते, पाटीवर गिरवल्यासारखे. फक्त सूर हुकायचे. सात सूर, आणि शब्द शब्दाला टेकला की सूर बदलायचा. आंटी हसून लोळायची. “तू म्हशीला म्हातारी म्हणतेस,” ती म्हणायची, आणि पुन्हा शिकवायची.

स्वतःबद्दल आंटी थोडंच बोलली. सेम्बावांगच्या गोदीत वडील जहाजांचा गंज खरवडायचे. लहानपणी रेडिओवर दुपारी एक माणूस हॉक्किएनमध्ये गोष्टी सांगायचा. तो लागला की गल्लीतली शिलाई यंत्रंसुद्धा थांबायची. मग मँडरिन बोला, म्हणून मोहीम निघाली, आणि तो माणूस रेडिओवरून गेला. पोरांना शाळेत मँडरिन, नातींना इंग्रजी. “नातीशी माझी तीन वाक्यं आहेत,” आंटी म्हणाली. “जेवलीस का. गरम होतंय का. अभ्यास कर. चौथं वाक्य मला येत नाही, आणि पहिली तीन तिला आवडत नाहीत.” तक्रार म्हणून नाही, हवेबद्दल सांगावं तसं. उल्काने मान खाली घातली. आपल्या घरात आईची किती वाक्यं उरली होती, हे मोजायचं तिला धैर्य झालं नाही.

या कामाचे पैसे, दिवस आणि दवाखान्याला ते दाखवायची तारीख हे सगळं उल्काचा वरिष्ठ शैलेंद्र सांभाळायचा. तो गिरगावातला, उल्काहून चार वर्षांनी मोठा, माणूस वाईट नव्हता. पहिल्या महिन्यात त्यानेच तिला फ्लॅट शोधून दिला होता. पँट्रीत कॉफीच्या यंत्रासमोर तिने त्याला सांगितलं की ‘एन’मधल्या एकशे चाळीसपैकी एकशे सव्वीस जण हॉक्किएन बोलतात आणि त्यांतले बहुतेक उत्तम बोलतात. ऐकलं कुणी, हेही सांगितलं.

शैलेंद्रने कप खाली ठेवला. “उल्का, तू झाडूवालीला पेशंटचा डेटा ऐकवलास?”

“ऐकवला. लेबलं लावणाऱ्यांत तिचं नाव अॅनोटेटर म्हणून घाल आणि तिला त्याचे पैसे दे.”

“क्लायंटने चार भाषा मागितल्यात. हॉक्किएन डायलेक्ट आहे, त्यांच्या यादीतच नाही.”

“डायलेक्ट कुणाची?”

“म्हणजे?”

“कुणाची डायलेक्ट? मँडरिनची? ती मँडरिनमधून निघालेली नाही, शैलेंद्र. दोघींचे रस्ते फुटले तेव्हा मँडरिन जन्मायचीच होती. बहीण म्हण हवं तर, आणि त्यातही मोठी म्हण. लेक म्हणू नकोस.”

“बरं, मोठी बहीण. गुरुवारी डेमो आहे. मोठ्या बहिणीला पुढच्या वर्षी बघू.” त्याने आवाज खाली आणला. “तुझा इथला कामाचा पास सप्टेंबरात रिन्यू व्हायचाय. तू मराठी मुलगी, तुला चिनी म्हाताऱ्यांच्या भाषेचं एवढं काय पडलंय?”

यावर तिच्या मनात पुष्कळ आलं आणि ती भलतंच बोलून गेली. “माझी आई अहिराणी बोलायची.”

“अरे वा!” शैलेंद्र खरोखरच खूश झाला. “गोड असते ती भाषा. ते व्हिडिओ येतात ना, विनोदी...”

“गोड नसते,” उल्का म्हणाली. “भाषा असते.”

पँट्रीत कुणीतरी फ्रिज उघडला, बंद केला. आयुष्यात पहिल्यांदा तिने ते नाव परक्या माणसासमोर घेतलं होतं आणि त्याला ‘जरा’ जोडला नव्हता, ‘गावाकडचं’ जोडलं नव्हतं. तिला हलकं वगैरे काही वाटलं नाही. राग आला. इतका जुना राग, की तो शैलेंद्रवर नव्हताच. तो बॅग खांद्याला लावून पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या त्या शहाण्या मुलीवर होता, आणि तिने मुलीला प्रथमच तोंडावर सांगितलं, बाजूला हो.

गुरुवारी दवाखान्याकडून तिघं आली. प्रमुख डॉ. चिया, पंचेचाळिशीची, काळा चष्मा, वहीत बारीक अक्षरात टिपणारी. शैलेंद्रने आलेख दाखवले. उल्काच्या वाट्याला पाच मिनिटं होती, अचूकता किती टक्के एवढं सांगायला. तिने अचूकता सांगितली नाही. तिने दोनशे बारा नंबरची क्लिप लावली. त्या सुरेख वातानुकूलित खोलीत म्हातारीचा आवाज एखाद्या बाजारासारखा पसरला. पडद्यावर यंत्राने आपला आकडा दाखवला: विकाराची शक्यता एक्क्याण्णव टक्के. शैलेंद्र टेबलाखालून तिच्याकडे हात करत होता, थांब, थांब. तिने दार उघडलं. बाहेर गेओक आंटी उभी होती, फवारा न घेता. आत येऊन, खुर्ची कुणी दिली नाही तरी ओढून ती बसली आणि म्हातारीचं एकेक वाक्य इंग्रजीत सांगू लागली, बोटाने पडद्यावरच्या चित्रातल्या वस्तू दाखवत. साबण. नळ. मांजर. चॉपस्टिक्स चार, वाट्या पाच. खोलीतल्या सगळ्यांनी मुकाट्याने वाट्या मोजल्या.

“हे अनधिकृत आहे,” दवाखान्याचा व्यवस्थापक म्हणाला. “ही बाई कोण?”

“या आमच्या हॉक्किएनच्या तज्ज्ञ,” उल्का म्हणाली. “तुमच्या एकशे सव्वीस पेशंटचं बोलणं आजपर्यंत फक्त यांनी ऐकलंय.”

डॉ. चियाने चष्मा काढला. तिने क्लिप पुन्हा लावायला सांगितली आणि या वेळी ती पडद्याकडे न बघता ऐकत राहिली. मध्येच, शिवी आली तिथे, तिच्या तोंडाचा कोपरा हलला. तिने तो आवरला. क्लिप संपल्यावर तिने वही मिटली.

“मला कळते ही भाषा,” ती म्हणाली. “घरी आजी होती. ही क्लिप मी ऐकलीच नाही. आम्ही कुणीच ऐकली नाही. आम्ही आकडा बघितला.” मग व्यवस्थापकाकडे वळून: “या रकान्यातल्या किती जणांची फाइल पुढे गेलीय?”

एकतीस. त्यांतली एक दोनशे बारा नंबरच्या बाईची. तिच्या लेकीने नर्सिंग होमसाठी अर्ज केला होता आणि त्याला हा आकडा जोडलेला होता. डॉ. चियाने एकतीसही फाइली परत मागवल्या. पुन्हा तपासणी, त्यांच्या भाषेत. शैलेंद्र उल्कासाठी न थांबता खोलीबाहेर पडला.

आठवड्याने एच.आर.चं पत्र आलं. गोपनीयतेचा भंग. ‘हे माझ्याकडून अनवधानाने घडले, याबद्दल मी दिलगीर आहे’ एवढ्या ओळीखाली सही केली तर प्रकरण मिटेल आणि पासचं पुढे बघता येईल, असं शैलेंद्रने फोनवर समजावलं. त्याचा आवाज खरोखर काळजीचा होता. “एक ओळ आहे गं. कोण वाचतंय?” उल्का आपल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभी होती. सकाळचं ऊन समोरच्या ब्लॉकवर पडलं होतं, बांबूंवर कपडे वाळत होते. एका ओळीने माणसाचं काय होतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने पेन घेतलं. गोपनीयतेच्या भंगाबद्दल तिला खरंच वाईट वाटत होतं. ती माणसं आपला आवाज कुणालाही ऐकवा म्हणाली नव्हती, आणि त्यांची माफी मागायला तिची ना नव्हती. पण ‘अनवधानाने’वर तिने सरळ रेघ मारली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘जाणूनबुजून’. खाली सही केली. पत्र पाठवलं. चार दिवसांनी उत्तर आलं की करार पुढे वाढणार नाही. तिने ते वाचलं, डाळ शिजायला टाकली आणि धुळ्याच्या मावशीला फोन लावला. मावशीशी ती आजवर मराठीत बोलायची. आज अहिराणीत सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्यात अडखळली, क्रियापदं चुकली. मावशीने पलीकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, “बोल, अंडेर, बोल. मी आयकी ऱ्हायनू.” बोल, पोरी, मी ऐकतेय. उल्का पाऊण तास बोलली. डाळ करपली.

सेम्बावांगच्या तपासणीला गेओक आंटीला बोलावणं आलं. आंटीने दोन अटी घातल्या: गणवेशात येणार नाही, आणि ती इंडियन मुलगी बरोबर असेल तर येईन. डॉ. चियाने दोन्ही मानल्या. बाईच्या लेकीला विचारून उल्काला बसायची परवानगीही काढली. म्हणून उल्का त्या सकाळी तिथे होती, नोकरी संपायला नऊ दिवस उरलेले असताना, एका खिडकीजवळच्या खुर्चीत. आंटी जांभळा फुलाफुलांचा ब्लाउज घालून आली होती.

दोनशे बारा नंबरच्या बाईचं नाव मादाम ओंग. ती चाकाच्या खुर्चीत होती, बारीक, ताठ, आणि सगळ्यांवर रागावलेली. लेक मागे उभी, थकलेली, पन्नाशी उलटलेली. वाईट नव्हती तीही, तिच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांची झोप बाकी होती. गेओक आंटीने पहिला प्रश्न विचारला तेव्हा मादाम ओंगने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे, मग पुन्हा तिच्याकडे. या खोलीत हा आवाज ऐकू येईल अशी तिची अपेक्षा नव्हती. मग ती बोलायला लागली. वार सांगितला, महिना सांगितला, आपल्या ब्लॉकची लिफ्ट आठवड्यात किती वेळा बंद पडते ते सांगितलं, मागच्या वेळच्या मुलीने आपल्याला मँडरिनमध्ये तेच तेच कसं विचारलं त्याची नक्कल केली. काही गोष्टी ती विसरत होती, दोन शब्द तिला आठवले नाहीत, डॉ. चियाने ते टिपून घेतलं. सगळं काही शाबूत नव्हतं. पण खोलीत एक सबंध बाई बसलेली होती. अर्ज थांबवायचा, असं डॉक्टरने लेकीला सांगितलं. लेक इंग्रजीत हळूच म्हणाली, “ती एवढं बोलते, हे मी विसरलेच होते.”

मादाम ओंग पूर्वी बाजारात बसायची, एवढं उल्काला कळलं होतं. निघताना तिने धीर करून तिला तिच्या भाषेत विचारलं, तुम्ही काय विकायचात? चार शब्दांचं वाक्य, रात्रभर घोकलेलं. मादाम ओंगने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि मोठ्याने हसली.

“विकत घ्यायचात, असं विचारलंस तू,” गेओक आंटी म्हणाली. “बे आणि बे. सूर खाली पाडलास की घेणं, सरळ धरलास की विकणं.”

“मा, पुरे आता,” लेक इंग्रजीत म्हणाली. “ती इंडियन आहे, तिला नाही जमायचं.”

आंटीने ते हॉक्किएनमध्ये सांगितलं असावं, कारण मादाम ओंगने खुर्चीच्या हातावर थाप मारली आणि काहीतरी ताडकन बोलली. उल्काने आंटीकडे पाहिलं.

“म्हणतेय, तोंड आहे ना तिला?”

मादाम ओंग पुढे वाकली. सुरकुतलेलं बोट तिने उल्काच्या हनुवटीसमोर धरलं आणि ते हवेत सरळ, आडवं ओढलं. बे. उल्का म्हणाली, बे. म्हातारीने मान हलवली, नाही. पुन्हा बोट. बे. नाही. बाहेर व्हरांड्यात पुढचे पेशंट बसले होते, नंबर पुकारला जात होता, व्यवस्थापक दारात येऊन घड्याळाकडे बघत होता. उल्काला चौथीतल्या मुलीसारखा घाम फुटला होता, पण आवाज तिने खाली आणला नाही. उलट वाढवला. सगळ्यांना ऐकू जाईल असा, चुकीचा, उघडा आवाज.

“बे.”

नाही, म्हातारी म्हणाली. पुन्हा.